भाषा घरची, दाखला गावचा

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून दोन प्रकारची बोलणी चालतात. पहिले बोलणे गुणांचे. ते ओसरीवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत, पेढे वाटता वाटता होते. दुसरे पैशांचे. ते मुले निजल्यावर, हलक्या आवाजात होते. महाविद्यालयाचे शुल्क, वसतिगृहाचा खर्च, पुस्तके, जाण्यायेण्याचे भाडे यांची बेरीज मांडली जाते आणि ती घरच्या मिळकतीपुढे जाऊन अडते. मग कोणी दागिन्यांची आठवण काढतो, कोणी पुण्याच्या चुलत्याची. "सरकारकडे अर्ज करून पाहू या" असे कोणी म्हणालेच, तर "सरकारी काम आणि सहा महिने थांब" ही म्हण त्याच्या तोंडावर फेकली जाते आणि विषय तिथेच मिटतो. पुष्कळदा त्याबरोबर मुलीचे अभियांत्रिकी किंवा मुलाचे औषधनिर्माणशास्त्रही मिटते.

हा विषय इतक्या लवकर मिटू नये, म्हणून हा लेख. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, गोवा येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे सरकारी शिक्षणसाह्य मागताना काही अडचणी अशा येतात की, त्या महाराष्ट्रातील आप्तांना ठाऊकही नसतात. त्यांचा उलगडा झाला, तर निम्मा मार्ग सोपा होतो असा आमचा अनुभव आहे.

मागणे कशाचे?

प्रथम मनातील अढीविषयी. "आमच्या घराण्यात कोणी हात पसरला नाही" हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. वस्तुतः मराठी विद्येचा इतिहासच मुळी परक्याच्या साह्यावर उभा आहे. माधुकरी मागून आणि वार लावून जेवून शिकलेल्या पुरुषांच्या कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. ते साह्य दात्याच्या मर्जीवर होते. सरकारी शिष्यवृत्ती नियमावर चालते. नियमात बसणाऱ्याने ती मागायची आणि सरकारने ती द्यायची, असा हा सरळ व्यवहार आहे.

बडोदेकर वाचकांना तर दूर जाण्याचे कारण नाही. १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्यासाठी करारनामा झाला. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी त्यात अट होती. अर्ज, अट, करार, हप्ता हे सारे तेव्हाही होते. पुढे १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आलेल्या त्याच विद्वानास जातीपायी राहावयास धड जागा मिळाली नाही, हेही विसरता येत नाही. शिष्यवृत्ती शुल्क भरते, समाजाचे मन बदलण्याचे काम तिच्याने होत नाही. तरी ती शिष्यवृत्ती नसती तर देशाचे केवढे नुकसान झाले असते, हे सांगावयास नको. दलित विद्यार्थ्यांसाठी १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही चालू आहे. ज्या साह्याला एवढी परंपरा आहे, ते मागण्यात लाज कसली?

आपण कोणत्या राज्याचे?

आता मुख्य मुद्दा. आपण घरी मराठी बोलतो, गणपती बसवतो, दिवाळी अंक मागवतो. त्यामुळे साह्याचा विचार आला की आपली दृष्टी सहजच मुंबईकडे वळते. परंतु शिक्षणसाह्य भाषेवर ठरत नाही, ते अधिवासावर ठरते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती किंवा ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींसाठी २०२४ साली जाहीर झालेली व्यावसायिक शिक्षणातील पूर्ण शुल्कमाफी, या योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत. इंदूरच्या तिसऱ्या पिढीतील मुलीला त्या लागू होत नाहीत. पुण्यातील आत्याचा पत्ता देऊन अधिवासाचा दाखला काढण्याची युक्ती कोणी सुचविल्यास ती कानाआड करावी. खोट्या दाखल्यावर घेतलेले पैसे परत द्यावे लागतात, प्रवेश जाऊ शकतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

उलट, ज्या भूमीत आपण राहतो, तेथील सरकारच्या योजनांवर आपला पुरा हक्क आहे, आणि नेमका तोच आपण मागत नाही. मध्य प्रदेशात २०१७ पासून मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे. राज्य मंडळाच्या बारावीत ७० टक्के, अथवा केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत ८५ टक्के गुण मिळविणाऱ्या मूळ निवासी विद्यार्थ्याचे शुल्क उत्पन्नाच्या मर्यादेत राहून सरकार भरते. गुजरातेत २०१५ साली मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आली. तिच्यासाठी बारावीत ८० वा त्याहून अधिक पर्सेंटाइल आणि ६ लाखांपर्यंतचे कौटुंबिक उत्पन्न अशी अट आहे. तेलंगणात शुल्क-प्रतिपूर्तीचे अर्ज ई-पास या व्यवस्थेमार्फत होतात. त्यात शुल्काची रक्कम व निर्वाहभत्ता हे दोन वेगळे भाग असतात. कर्नाटकात राज्य शिष्यवृत्ती पोर्टल आहे. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे.

या प्रत्येक दारावर पहिला कागद लागतो तो रहिवासाचा, आणि त्याचे नाव व ठिकाण प्रांतागणिक बदलते. मध्य प्रदेशात तो 'मूल निवासी' दाखला असून लोकसेवा केंद्रात त्याचा अर्ज होतो. गुजरातेत मामलतदार कचेरी गाठावी लागते. कर्नाटकात नाडकचेरी, तेलंगणात मी-सेवा केंद्र. गोव्यात पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात आणि त्यासाठी मामलेदाराकडे जावे लागते. कर्नाटकच्या दाखल्यावर 'आर.डी.' ने सुरू होणारा क्रमांक असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जात तोच टाकावयाचा असल्यामुळे तो जपून ठेवावा.

सीमाभागातील वाचकांसाठी एक अपवाद सांगितला पाहिजे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या टापूत राहणाऱ्या, तेथेच दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या आणि मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील अभियांत्रिकीसारख्या प्रवेशप्रक्रियांत 'ई' प्रकारची उमेदवारी मिळते. भाषा हीच अट असलेली तरतूद ती हीच. मात्र प्रवेशाची सवलत आणि पैशांचे साह्य या दोन वेगळ्या गोष्टी होत. एक मिळाले म्हणजे दुसरे आपोआप आले, असे धरून चालू नये. दर वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

जातीचा दाखला आणि आजोबांचा कागद

अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. एका राज्यातील दर्जा स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे आपले कुटुंब त्या राज्यात केव्हापासून आहे, हा प्रश्न निर्णायक ठरतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखा आधारभूत मानल्या जातात. त्या दिवशी वडील, आजोबा किंवा पणजोबा जेथे कायमचे राहत होते, ते मूळ राज्य. त्याच्या यादीत आपली जात असावी लागते.

येथे जुने कागद सोन्याच्या मोलाचे ठरतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, घराचा उतारा, गिरणीतील किंवा संस्थानी नोकरीचा हुकूम यांपैकी काही ट्रंकेत असेल, तर ते वाळवीच्या स्वाधीन करू नका. त्यांवरील राज्याचे नाव पाहून मात्र गोंधळू नये. १९५० साली बेळगाव मुंबई राज्यात होते आणि १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. त्याच पुनर्रचनेपर्यंत औरंगाबाद व हैदराबाद ही एकाच राज्यातील शहरे होती. माणसे होती तिथेच राहिली आणि सीमा हलली, अशी कित्येक घरे आहेत. कचेरीतील तरुण कारकुनास हा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. तो शांतपणे आणि कागदानिशी समजावून सांगावा लागतो.

खुल्या वर्गातील कुटुंबांसाठी २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांचे आरक्षण आहे. त्याचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला एकच, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. पहिल्यात उत्पन्नाबरोबर शेतजमीन व घर यांचाही हिशेब होतो आणि तो मुख्यतः प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडतो. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला निराळाच काढावा लागतो.

हरवलेला 'ळ' आणि नावाचा घोळ

सर्वांत अधिक अर्ज कशावर अडत असतील, तर ते नावावर. आपले नाव त्रिपदी: स्वतःचे, वडिलांचे व आडनाव. उत्तर हिंदुस्थानी कारकुनाला मधल्या नावाची सवय नाही. तो ते गाळतो किंवा मुलाचेच दुसरे नाव समजतो. हैदराबादेत आडनाव आधी जाते, तेही कित्येकदा केवळ आद्याक्षर होऊन. बेळगावात वडिलांच्या नावाचे एक अक्षर उरते. हिंदीच्या मुलखात 'ळ' लिहिण्याचा प्रघात नसल्यामुळे काळे यांचे 'काले' आणि मुळे यांचे 'मुले' होतात. आईचे तर दुहेरी संकट. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर. घरी बाळासाहेब म्हणून ओळखले जाणारे वडील गुणपत्रिकेवर 'बाळासाहेब' आणि आधारपत्रावर 'दत्तात्रेय' असतात.

माणसाला हे सारे एकच आहे हे कळते. संगणकाला मात्र कळत नाही. गुणपत्रिका, आधारपत्र आणि बँकेचे पुस्तक यांतील नावे जुळली नाहीत की अर्ज मागे येतो, आणि तो केव्हा परत आला हे घरी कळेपर्यंत मुदत संपलेली असते.

उपाय एकच. मूल नववीत असताना, दहावीच्या परीक्षेचे नाव मंडळाकडे जाण्यापूर्वी, घरातील सर्व कागद एका चटईवर मांडावेत आणि नावाचे एक रूप ठरवून टाकावे. रोमन लिपीतील अक्षरेसुद्धा लिहून ठेवावीत. दहावीची गुणपत्रिका हाच पुढे पाया ठरतो. तिच्यातील दुरुस्ती वर्षे लोटल्यावर फार अवघड जाते. आधारपत्रातील नाव बदलण्याची संधी जन्मात दोनदा आणि जन्मतारीख बदलण्याची एकदाच मिळते. तेव्हा ती घाईने वाया घालवू नये.

उत्पन्न लिहावे कसे?

नोकरदाराला वेतनपत्र असते. आपल्यातील पुष्कळजण पौरोहित्य करतात, खानावळ चालवितात, शिवणकाम किंवा शिकवण्या करतात. त्यांना वाटते की, कागद नाही म्हणजे दाखला नाही. तसे नाही. अशा व्यवसायांसाठी स्वतःचे प्रतिज्ञापत्र व स्थानिक चौकशी यांवर तहसीलदार दाखला देतो. उत्पन्न खरे सांगावे. आई-वडील दोघांचे, घरभाडे आणि शेतीचे धरून सांगावे. मर्यादेच्या आत बसविण्यासाठी आकडा कापणाऱ्यांना एका गोष्टीची जाणीव नसते: बँकेचे व्यवहार आणि आयकराचे विवरण पडताळणे आता कचेरीला जड नाही.

मर्यादा योजनेगणिक निराळ्या आहेत. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी ती २.५ लाख आहे. केंद्राच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीसाठी ४.५ लाख आहे. तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' ही मुलींसाठीची शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपये देते. तिची मर्यादा ८ लाख असून एका घरातील दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते. एका योजनेतून नाकारले गेलो म्हणजे सगळीकडून नाकारले गेलो, असे मानणाऱ्यांनी हे तीन आकडे ध्यानात ठेवावेत.

यांपैकी केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची, कारण ती कोणत्याही राज्यातील, कोणत्याही जातीच्या विद्यार्थ्यास खुली आहे. आपल्या मंडळाच्या बारावी परीक्षेत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्यांतून देशभर दर वर्षी ८२,००० नवे विद्यार्थी निवडले जातात. त्यांतील निम्म्या जागा मुलींच्या. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणात २०,००० रुपये मिळतात. महिन्याला हजार रुपये ही रक्कम कोणास किरकोळ वाटेल. पण बसचा पास, पुस्तके आणि परीक्षेचे शुल्क एवढ्यात भागते, आणि मुलीला दर वेळी वडिलांपुढे उभे राहावे लागत नाही. या दुसऱ्या गोष्टीची किंमत ज्याची त्याने करावी.

कर्ज घ्यावे की न घ्यावे?

शिष्यवृत्तीने सारे भागत नाही, तेथे शैक्षणिक कर्ज येते. 'कर्ज' या शब्दाने आपल्याकडे पोटात गोळा उठतो. म्हणून एक हिशेब मांडून पाहू. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या आरंभी १ लाख याप्रमाणे ४ लाख उचलले आणि व्याज सरळ ९ टक्के धरले. पहिल्या वर्षी ९,०००, दुसऱ्या वर्षी १८,०००, तिसऱ्या वर्षी २७,०००, चौथ्या वर्षी ३६,००० आणि शिक्षणानंतरच्या सवलतीच्या एका वर्षी आणखी ३६,००० मिळून व्याज १,२६,००० रुपये झाले. केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून नेमके हेच व्याज भरते. अट अशी की, कौटुंबिक उत्पन्न ४.५ लाखांच्या आत हवे आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतील व्यावसायिक किंवा तांत्रिक हवा. म्हणजे पाच वर्षांनी डोक्यावर ५,२६,००० ऐवजी ४ लाखच राहतात.

४ लाखांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही, ही बँकांच्या आदर्श योजनेतील तरतूद आहे. घर गहाण टाकण्याची भाषा कोणी केली, तर ती लेखी मागावी. ६ नोव्हेंबर १९२४ नव्हे, अगदी अलीकडे, ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तीत तारण व जामीनदार यांवाचून कर्ज मिळते. सुरुवातीच्या यादीत अशा ८६० संस्था होत्या. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि अन्य सरकारी साह्य न घेणाऱ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलत मिळते. आपले महाविद्यालय यादीत आहे की नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वीच पाहावे.

अर्ज केल्यानंतर

केंद्राच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतात. साधारणतः पावसाळ्याच्या तोंडाशी ते खुले होते आणि दिवाळीच्या सुमारास बंद होते. तारखा मात्र दर वर्षी बदलतात. अर्ज पाठविला म्हणजे काम झाले, ही समजूत फार घातक आहे. तो आधी महाविद्यालयातील नेमलेला अधिकारी तपासतो, मग वरचा अधिकारी. महाविद्यालयाने पडताळणी केली नाही, तर निर्दोष अर्जही जागच्या जागी राहतो. म्हणून आठवड्यातून एकदा अर्जाची स्थिती पाहावी आणि अडला असल्यास कार्यालयात जाऊन नम्रपणे, परंतु चिकाटीने विचारावे.

पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात येतात. खाते आधारशी नुसते जोडलेले असून पुरत नाही. सरकारी रक्कम स्वीकारण्यासाठी तेच खाते नोंदविलेले असावे लागते. दोन बँकांत खाती असतील, तर शेवटी ज्याची नोंद झाली त्यात पैसे जातात आणि घरचे मात्र पहिल्या पुस्तकाकडे डोळे लावून बसतात. शिवाय दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी उत्तीर्ण होणे व उपस्थिती राखणे आवश्यक असते. पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी केवळ विस्मरणाने गेली, अशी उदाहरणे थोडी नाहीत.

मंडळांनी काय करावे?

आपल्या प्रत्येक शहरात एखादे महाराष्ट्र मंडळ, गणेशोत्सव समिती किंवा वाचनालय आहे. तेथे गुणवंतांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते. त्या सोहळ्याला आमचा विरोध नाही. परंतु जून ते ऑक्टोबर दर रविवारी दोन तास तेथेच एक टेबल मांडता आले, तर त्याचे पुण्य अधिक आहे असे आम्हांस वाटते. एका बाजूला संगणक जाणणारा एखादा तरुण, दुसऱ्या बाजूला कचेरीच्या कामात केस पिकलेले एखादे निवृत्त काका. एक अर्ज भरील, दुसरा कागद तपासील. कन्नड, तेलुगू, गुजराती वा हिंदी अर्जातील शब्द आजींना समजावून सांगणारे कोणी असले, तर दुधात साखर. गेल्या वर्षी ज्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली, तिनेच यंदा त्या टेबलाशी बसावे. यात पैसा लागत नाही, माणसे लागतात, आणि ती आपल्याकडे आहेत.

आपल्या पूर्वजांनी परमुलखात येऊन तेथील पाणी गोड मानले आणि भाषा टिकवली. त्या मुलखाने आपल्याला रेशनपत्रिका दिली, मतदानाचा हक्क दिला. मग तेथील शिष्यवृत्तीच्या खिडकीशीच आपण पाहुण्यासारखे का उभे राहावे? घरात जरूर मराठी बोलावे. कचेरीत मात्र आपण त्या गावचे आहोत, हे कागदानिशी सांगावे. यंदा ज्यांच्या घरी नववीतले मूल आहे, त्यांनी येत्या रविवारी ती चटई अंथरावीच.